बाबांच्या गावातले रस्ते

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्यासाठी. बी.कॉम. झाल्यावर मी डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स करत होते, आणि तिथल्या सरांचं म्हणणं होतं की घरी मशीन असल्याशिवाय हात बसत नाही. बाबांनी तेव्हा नुकतीच कंपनीतून व्हीआरएस घेतलेली. त्यांनी सरांनाच सांगून एक मशीन जुळवून घेतलं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल लागलं आणि तिथलं आईचं शिवणयंत्र बाल्कनीत गेलं. फोन होता घरी, पण मोडेम नव्हता. इंटरनेट नावाची गोष्ट घरात फक्त मी पाहिली होती, तीही क्लासमध्ये कोणाच्या तरी खांद्यावरून.

दोनेक महिन्यांत त्या मशीनसमोर माझ्यापेक्षा बाबाच जास्त बसायला लागले.

बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर उभ्याने ड्रॉइंग काढली. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. आईच्या वाणसामानाच्या यादीतही तांदूळ, तूरडाळ, रवा हे एका रेषेत उभे असायचे. कंपनीतून घरी बसल्यावर पहिले काही आठवडे त्यांना कळेचना की दिवसाचं करायचं काय. सकाळी नऊला तयार होऊन ते खुर्चीत बसायचे. पेपर संपला की पुन्हा पहिल्या पानावर यायचे.

सरांनी मला इतर सामानाबरोबर एका खेळाची सीडी दिली होती. गाव वसवायचा खेळ. सुरुवातीला नुसती हिरवी जमीन आणि मधून नदी. मग आपण रस्ते काढायचे, घरं बांधायची, पाण्याची टाकी, शाळा, दवाखाना. मी दोनदा गाव वसवलं, दोन्ही वेळा ते मोडलं, मला कंटाळा आला. बाबा मागे उभं राहून बघत होते.

"असं कुठेही घर टाकलंस तर पाणी कसं पोचेल?" ते म्हणाले. "ऊठ जरा."

त्यानंतर ते गाव त्यांचं झालं. आधी ते ग्राफपेपरवर पेन्सिलने काढायचे, मगच स्क्रीनवर. शाळेपासून कुठलंही घर पाच मिनिटांच्या पलीकडे नको, दवाखान्याच्या दारात बाजार नको, असे त्यांचे नियम. खेळात नसलेला फुटपाथसुद्धा त्यांच्या कागदावर होता. "आपल्याकडे आधी बिल्डिंग उभी राहते, माणसं राहायला येतात, मग रस्ता कुठून काढायचा ते बघतात," असं म्हणत ते आमच्या गल्लीकडे बघायचे. गावाला त्यांनी नाव दिलं नव्हतं. "गाव" म्हणायचे फक्त. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, गावातून आलात की जेवायला वाढू का?"

मला आठवतात ते बाबा असे, चौपन्न वर्षांचे, बनियन आणि लेंगा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि तोंडाने अगदी हळू शीळ. कंपनी सोडल्यानंतर त्यांना शीळ घालताना मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या टेबलापाशी.

गणपतीच्या सुमाराला त्यांनी पहिल्यांदा तक्रार केली. मी क्लासहून येऊन चप्पल काढत होते.

"अगं, ह्या खेळात काहीतरी खोट आहे. रस्ते जातात."

"जातात म्हणजे?"

"मी काढलेला रस्ता असतो. मग बघावं तर नाही. जरा इकडेतिकडे करावं तर परत आला."

मी जाऊन पाहिलं. रस्ते सगळे जागच्या जागी होते, त्यांवरून छोट्या गाड्या धावत होत्या. "आत्ता आला बघ," बाबा म्हणाले. "तू आलीस की येतो."

पुढचे काही दिवस हेच चाललं. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून हाक यायची, "लवकर ये, गेला!" मी हात पुसत धावायची, तोपर्यंत त्यांनी मला हाक मारायला मान वळवलेली असायची, मग पुन्हा स्क्रीनकडे पाहिलेलं असायचं, आणि रस्ता आलेला असायचा. ते अगदी खजील व्हायचे. दुसऱ्याला उगाच पळवलं असं वाटायचं त्यांना.

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "हो, त्याच्या पहिल्या व्हर्जनमध्ये प्रॉब्लेम आहेच. नकाशा सरकवला की चित्र नीट उमटत नाही. कंपनीने पॅच काढलाय, इंटरनेटवर फुकट मिळतो. डाउनलोड करून टाक, झालं."

हे सरांनी सांगितलेलं खरं होतं. त्या खेळात ती खोट होतीच. म्हणूनच मी एवढ्या खात्रीने बोलत गेले.

आईने त्याच आठवड्यात डोळ्यांचा विषय काढला होता. बाबांच्या डाव्या हाताचा धक्का लागून चहाचा कप पडला, महिन्यात दुसऱ्यांदा. त्याच्या आधी ते डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीवर आपटले होते. फरशी पुसता पुसता आई म्हणाली, "डोळे दाखवून या एकदा. कप दिसला नाही का तुम्हाला?"

"पेपरातल्या बारीक जाहिराती वाचतो मी," बाबा म्हणाले.

"आणि ते रस्ते दिसत नाहीत म्हणता ते?"

तेव्हा मी मध्ये पडले. मी म्हणाले, "अगं आई, ते डोळ्यांचं नाहीये. गेममध्येच प्रॉब्लेम आहे. सरांनी सांगितलंय मला. तुला कळत नाही त्यातलं, तर उगीच घाबरवू नकोस त्यांना."

आईने फडकं पिळलं आणि ती आत गेली. तिला खरंच त्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, मी कोर्स करत होते.

डोंबिवलीत तेव्हा मला माहीत असलेलं इंटरनेट म्हणजे क्लासमधलं, आणि तिथे सर विद्यार्थ्यांना पाचच मिनिटं देत. म्हणून मी ठाण्याला गेले. टेंभी नाक्याजवळ एका बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडून एका बाईंनी कॅफे काढला होता. बाई कोळीवाड्यातल्या, चाळिशीच्या, मोठं कुंकू, अंगठ्यावर शाईचा डाग. नवरा बोटीवर होता. त्याला पत्रं महिना-महिना मिळायची नाहीत म्हणून त्यांनी आधी स्वतःसाठी इंटरनेट घेतलं आणि मग म्हणाल्या, घेतलंच आहे तर चार लोकांना वापरू दे.

मी काय हवंय ते सांगितलं. त्यांनी शोधून काढलं. फाइल मोठी होती, एका फ्लॉपीत मावणारी नव्हती, चार तुकडे करावे लागणार होते.

"कोणासाठी गं? भाऊ?" त्यांनी विचारलं.

"बाबांसाठी."

"बाबा खेळतात?" त्या हसल्या, पण चांगल्या हसल्या. "बस मग. लाइन टिकली तर चार वाजेपर्यंत होईल."

लाइन दोनदा तुटली. दोन्ही वेळा पहिल्यापासून. मी बाराला बसलेले, साडेसहाला चार फ्लॉप्या घेऊन निघाले. बाबांनी मला निघताना एक स्टीलचा डबा दिला होता, आत जुन्या मलमलीचा तुकडा. फ्लॉपीला लोहचुंबक चालत नाही हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तो डबा मी दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरी आणला.

बाबा दारातच होते. मी त्यांना पॅच म्हणजे काय ते समजावलं. ठिगळ असतं, जुन्या खेळाला लावायचं, म्हणजे खेळ नवा होतो. त्यांनी मान हलवली. "म्हणजे रिव्हिजन. आमच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात चौकट असायची. चूक सापडली की दुरुस्त करायची आणि चौकटीत लिहायचं, रिव्हिजन ए, रिव्हिजन बी. चूक सापडण्यात कमीपणा नसतो. न लिहिण्यात असतो."

पहिली फ्लॉपी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथी घातल्यावर मशीनने खरखर केली आणि स्क्रीनवर आलं की वाचता येत नाही. मी काढली, पुसली, पुन्हा घातली. दहा वेळा तरी घातली असेल. शेवटी मी रडायलाच लागले, दिवसभराच्या दमणुकीने असेल.

"अगं वेडे," बाबा म्हणाले, "ब्लू प्रिंटसुद्धा कधी कधी कोरी निघायची. पुन्हा काढायची. पुढच्या आठवड्यात जा."

पुढच्या आठवड्यात क्लासची परीक्षा होती. मग पितृपक्षात आजोबांचं श्राद्ध. मी पुन्हा ठाण्याला गेले ती नवरात्रात. नाक्यावर देवीसाठी एवढी गर्दी की स्टेशनपासून कॅफेपर्यंतचं अंतर कापायला मला एरवीच्या तिप्पट वेळ लागला. बाईंनी फाइल त्यांच्या मशीनवर जपून ठेवली होती. ह्या वेळी मी प्रत्येक तुकड्याच्या दोन-दोन फ्लॉप्या केल्या. आठ.

त्या संध्याकाळी पॅच बसला. खेळ सुरू होताना खाली कोपऱ्यात नवा आकडा दिसला. बाबांनी ग्राफपेपरच्या कोपऱ्यात चौकट आखली, त्यात "रिव्हिजन ए" असं लिहिलं आणि तारीख घातली. नकाशा सरकवला की चित्र पूर्वीपेक्षा खरंच स्वच्छ उमटत होतं, मला स्वतःला फरक दिसत होता.

"आता?" मी विचारलं.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "आता छान आहे," ते म्हणाले.

मी आईकडे बघितलं. बघितलं म्हणजे कसं, ते मला अजून आठवतं, आणि आठवलं की मान खाली जाते. मी जिंकल्यासारखं बघितलं.

त्यानंतर हाका थांबल्या. बाबा रोज खेळत होते, मी क्लासला जात होते, दिवाळी आली. फराळाच्या वेळी बाबांनी चकलीचं ताट खाली पाडलं, आईने वाकून तुकडे वेचले. मीही वेचू लागले.

दिवाळीनंतर मला कोऱ्या फ्लॉप्या हव्या होत्या म्हणून मी टेबलाचा खण उघडला. आत ग्राफपेपरची एक चळत होती, वर पिन लावलेली. गावाचे नकाशे असतील असं वाटलं. पण ती स्क्रीन होती. प्रत्येक कागदावर बाबांनी स्क्रीनचा चौकोन काढला होता, आणि त्या वेळी रस्ता जिथे दिसला नाही तिथे पेन्सिलने बारीक रेघा ओढून काळं केलं होतं. खाली तारीख, वेळ, गावाचा कुठला भाग. पहिला कागद पॅच बसवल्यानंतर चौथ्या दिवसाचा होता. शेवटचा आदल्या दिवसाचा.

मी ते घेऊन त्यांच्यापुढे गेले. "बाबा, अजून जातात रस्ते? मग सांगितलं का नाहीत?"

ते चोरी पकडल्यासारखे झाले. "तू दोनदा ठाण्याला गेलीस गं. एवढ्या गर्दीतून आलीस. म्हटलं, आता पुन्हा कशाला सांगायचं. चालतंय तसं."

मला त्यांचा राग आला. खरंच राग आला. एवढं करून ते नीट झालं नाही, आणि त्यांनी मला सांगितलंही नाही. मी ते कागद पिशवीत घातले आणि पुन्हा ठाण्याला गेले, ह्याच्या पुढचा पॅच आलाय का बघायला.

कॅफेवाल्या बाईंनी शोधलं. पुढचा पॅच नव्हता. मग त्यांनी कागद एकेक करून टेबलावर मांडले, पत्ते मांडावेत तसे.

"कसलं सुरेख काढलंय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "अगं, हे बघ. रस्ता गावातला कुठलापण जातोय. कधी शाळेकडचा, कधी नदीकडचा. पण स्क्रीनवर बघ ना. नेहमी एकाच जागी. डावीकडे वर. सगळ्या कागदांवर."

मी पाहिलं. खरंच होतं. कागद एकावर एक ठेवले असते तर ते काळं एकमेकांवर बसलं असतं. आणि पहिल्या कागदापेक्षा शेवटच्यावर ते मोठं होतं.

"मग गेमचा दोष नाय हा," बाई म्हणाल्या. "मॉनिटर गेला असेल तुमचा. दुसरा लावून बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांकडून एक मॉनिटर मागून आणला. रिक्षातून मांडीवर धरून. बाबांनी तो जिन्यातून वर न्यायला हात लावला आणि एका पायरीवर त्यांचा पाय चुकला. "सांभाळा," मी म्हणाले, मॉनिटरसाठी म्हणाले.

नवा मॉनिटर लावला, खेळ सुरू केला, बाबा बसले. ह्या वेळी मी त्यांच्या शेजारीच स्टूल घेऊन बसले. गावाच्या मधोमध ते नवी शाळा बांधत होते. त्यांची नजर त्या शाळेवर होती.

"आत्ता," ते म्हणाले. "आत्ता नाहीये. वर डावीकडचा."

मी वर डावीकडे पाहिलं. रस्ता तिथेच होता. अखंड, कुठेही न तुटलेला. त्यावरून एक पिवळी गाडी चालली होती.

"बाबा, मान हलवू नका. आहात तसेच शाळेकडे बघत राहा. रस्ता नाहीये?"

"नाही ना. सांगतोय तेच. आत्ता स्वच्छ दिसतंय की नाही, तुला पण दिसत असेल ना, की नाहीये?"

मी माझा हात त्यांच्या डाव्या कानाजवळून हळूहळू पुढे आणला. गालाच्या पुढे आणला. बोटं हलवली.

"बाबा, माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?" बाबा म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हाताला कणीक चिकटलेली होती. तिने तो हात तसाच पदराला पुसला, आणि पदर कणकेने भरला.

डोळ्यांचे डॉक्टर ठाण्यालाच होते. काचबिंदू, असं त्यांनी सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणूस पेपर वाचतो, आणि कडेकडेने नजर जात असते. डावा डोळा जवळपास गेलेलाच होता. उजव्याचाही नाकाकडचा वरचा भाग गेला होता.

नजरेची एक तपासणी होती. काळोख्या खोलीत एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला दाराजवळ बसू दिलं होतं. बाबांचं बटण टक्, टक्, टक् असं एका लयीत वाजत होतं. मला वाटलं, दिसतंय की त्यांना. एवढं सगळं दिसतंय.

तपासणाऱ्या बाईंनी मशीन थांबवलं. "काका, दिवा दिसला तरच दाबायचं हं."

"हो, हो."

पुन्हा तेच. टक्, टक्, टक्. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही अंदाजाने दाबताय. आता दिवा लागलाच नव्हता."

"असं का," बाबा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "मला वाटलं, एव्हाना लागला असेल."

तिसऱ्यांदा सुरू केल्यावर बटण मधूनमधूनच वाजलं. मधले ते गप्प तुकडे मी बसून ऐकले.

डॉक्टरांकडे निकालाचा कागद आला तेव्हा बाबांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक ग्राफपेपर काढला. "साहेब, मी नोंद ठेवलीय. उपयोग होईल का बघा." डॉक्टरांनी तो उलगडला आणि आपल्या कागदाशेजारी ठेवला. डाव्या बाजूचं वरचं काळं दोन्हीकडे सारखंच होतं.

"हे तुम्ही स्वतः काढलंत?"

"ड्राफ्ट्समन होतो."

"किती दिवसांपासून ठेवताय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "झाले थोडे दिवस," ते म्हणाले.

गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. थेंब घालून आणि लागलंच तर ऑपरेशन करून, आहे ते जमेल तेवढं टिकवायचं. बाबा बाहेर गेल्यावर मी मागे थांबले. मी विचारलं, "आम्ही गणपतीच्या वेळी आलो असतो तर?"

ते काहीतरी लिहीत होते. लिहीतच म्हणाले, "हे बऱ्याच वर्षांचं असतं."

"पण तीन महिने आधी आलो असतो तर?"

त्यांनी चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली. "आता आलात ना. थेंब चुकवू नका."

येताना ठाणे स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. एक गाडी बाबांनी सोडली, दुसरीही सोडली. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते, मग लक्षात आलं आणि उठून उजव्या बाजूला जाऊन बसले. मला काहीतरी बोलायचं होतं. आईला मी काय म्हटलं होतं ते त्यांनी ऐकलेलंच होतं. मी तोंड उघडलं, तर आधी तेच बोलले.

"पॅचचं काम मात्र तू चोख केलंस हं. दोन-दोन फ्लॉप्या करून आणल्यास. हे कोणाला सुचत नाही."

मी त्यांच्या बाहीला तोंड लावून रडले. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत राहिले, "अगं लोक बघतायत. बघतायत गं लोक."

आई मला कधीच काही म्हणाली नाही. तेव्हा नाही, नंतर भांडणातही नाही. ती दिवसातून तीनदा बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायची, घड्याळ लावून. एकदा तरी म्हणाली असती, मी सांगत होते ना, तर मला बरं वाटलं असतं. मी वाट बघत राहिले.

बाबांनी महिनाभर मशीनला हात लावला नाही. मग एका शनिवारी त्यांनी विचारलं, "उद्या वेळ आहे का तुला थोडा?" रविवारी आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्यांना मधलं दिसत होतं, पण माऊसचा बाण कडेला गेला की सापडायचा नाही, आणि शोधता शोधता डोळे दुखायचे. म्हणून ते सांगायचे, मी करायची. डोळे मिटून सांगायचे. "टाकीपासून खाली ये. चार घरं सोड. आता उजवीकडे. तिथे दवाखान्यामागे मोकळी जागा आहे बघ, तिथे बाग टाक." सगळं गाव त्यांना पाठ होतं. मी चुकले की त्यांना न बघता कळायचं, कारण खेळातून येणारा आवाज वेगळा यायचा.

असे आम्ही किती रविवार बसलो? पाच, फार तर सहा. मग मला कल्याणला एका ऑफिसात नोकरी लागली. आठवड्यात एकच सुट्टी, तिच्यात कपडे, मैत्रिणी, झोप. बाबा शनिवारी विचारायचे आणि मी म्हणायची, "पुढच्या रविवारी नक्की बाबा." ते म्हणायचे, "हो, हो, घाई कुठे आहे." नंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला ते सोडल्याचं लगेच कळलंही नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, सासर कल्याणचंच. डोंबिवली ते कल्याण, मध्ये एक ठाकुर्ली. तरी मी महिन्यातून एकदाच जायची. आई फोनवर सांगायची की ते दुपारी मशीन लावायला सांगतात आणि गावाचा आवाज ऐकत बसतात, गाड्यांचा, शाळेच्या घंटेचा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही महिने टिकलं, आणि मग तोही हळूहळू आत आत मिटत गेला.

एका रविवारी मी मुद्दाम सकाळीच गेले. दिवसभर राहायचं ठरवून. मी मशीन सुरू केलं, खुर्ची सरकवली, बाबांचा हात धरून त्यांना बसवलं. म्हटलं, "चला बाबा, आज खूप वेळ आहे. कुठून सुरू करायचं? टाकीपासून?"

बाबांचा हात टेबलावरून माऊसपर्यंत गेला आणि त्यावर नुसता राहिला.

"नको गं," ते म्हणाले. "आता मलाच आठवत नाहीत सगळे रस्ते. मध्ये मध्ये तुटतात."

मी म्हटलं, मी सांगते ना, मला दिसतायत. ते म्हणाले, राहू दे. मग त्यांनी माझ्या नोकरीचं विचारलं, जावयांची बदली होतेय का ते विचारलं. आईने चहा आणला, त्यांच्या हातात कप देऊन तिने त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली. मशीन तसंच चालू होतं. मी ते कधी बंद केलं मला आठवत नाही. संध्याकाळी निघताना बाबा म्हणाले, अंधार व्हायच्या आत जा, आणि मी गेले.